सबसिडीच्या आकड्यावर टोकन देऊ नका

पत्र: नमस्कार मॅडम. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझा पगार महिन्याला २८,०००, मिस्टरांचा ४२,०००. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची आहे, आणि आजवर भाड्याच्याच घरात राहिलो. सध्या भाडं १४,००० आहे. दर अकरा महिन्यांनी करार, पोलीस पडताळणी, नाहीतर सरळ सामान आवरणं, याचा आता खरंच कंटाळा आलाय. दोन फ्लॅट पाहिलेत. एक धायरीला, नवीन स्कीममध्ये, ताबा दोन वर्षांनी. फ्लॅटचे ४४ लाख आणि पार्किंगचे दीड लाख वेगळे. दुसरा आंबेगाव बुद्रुकला, २०१३ सालच्या इमारतीत, रीसेलचा. त्याचे मालक साडेछत्तीस लाख म्हणतायत. मिस्टरांना नवीन हवाय. एजंट म्हणतो, पहिलं घर असलं की सरकार पावणेतीन लाख सबसिडी देतं, इन्कम टॅक्समध्ये दरवर्षी साडेतीन लाखांची सूट मिळते, वर घर बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्यूटी एक टक्का कमी. जुनाच घ्यायचा असेल तर म्हणे करारनामा साडेचौतीस लाखांचा करू आणि दोन लाख रोख देऊ, म्हणजे सबसिडीत बसेल. दसऱ्याला ५१,००० टोकन द्यायचं चाललंय. आमच्याकडे एफडी आणि आरडी मिळून साडेआठ लाख आहेत, सासरे दोन लाख देणार आहेत. सासूबाईंना मात्र घरावर फक्त माझं नाव लावणं पसंत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, आधी एकच करा, टोकन थांबवा. नऊ वर्षं भाड्याने काढल्यावर दसऱ्याचा मुहूर्त हुकवायला जीवावर येतं, हे मला कळतं. पण तुम्ही लिहिलेले आकडे मी कागदावर मांडले आणि धायरीचा हिशेब बसला नाही. एजंटने सांगितलेल्या तिन्ही सवलती कधी ना कधी, कुणाला ना कुणाला मिळाल्या आहेत. तुम्हाला आज त्यातली कुठली मिळते, हे कुणीतरी तुमच्यासोबत बसून बघायला हवं होतं. चला, आपण बघू.

पावणेतीन लाखांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरात सगळा उत्साह त्या आकड्यावर उभा राहिलेला दिसतो. हा आकडा २०१५ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेतल्या व्याज अनुदानाचा आहे. तिथे जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार मिळत. तो भाग मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये आणि बाकीच्यांसाठी मार्च २०२२ मध्ये बंद झाला. आता आहे ती शहरी योजनेची दुसरी आवृत्ती, सप्टेंबर २०२४ पासूनची. तीत व्याज अनुदान आहे, पण अटी वेगळ्या आणि रक्कम कमी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवं. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाची सवलत मिळते. ती सगळी मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तीही एकदम नाही, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी. म्हणजे वर्षाला ३६,०००.

तुमचं दोघांचं मिळून उत्पन्न ८ लाख ४० हजार होतं. त्या अटीत तुम्ही बसता. धायरीचं घर मात्र ३५ लाखांच्या कितीतरी वर आहे, तेव्हा त्या घरासाठी सबसिडी शून्य. पावणेतीनही नाहीत आणि एक लाख ऐंशीही नाहीत. एजंटला हे ठाऊक नसेल तर वाईट, आणि ठाऊक असून त्याने सांगितलं नसेल तर त्याहून वाईट.

आता इन्कम टॅक्स. इथे मला तुमच्यासाठी जास्त वाईट वाटलं, कारण साडेतीन लाखांची सूट हे ऐकायला फार छान लागतं. हा आकडा असा बनतो: कलम २४ खाली व्याजाचे २ लाख आणि ८०सी खाली मुद्दलाचे दीड लाख. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण बोलण्यात अजून जुनेच आहेत, म्हणून तेच लिहिते.) राहत्या घरासाठी या दोन्ही वजावटी फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. नव्या पद्धतीत मिळत नाहीत आणि आता आपोआप लागू होते ती नवीच. पण तुमच्या बाबतीत एवढ्या खोलात जायचीही गरज नाही. मिस्टरांचं वर्षाचं उत्पन्न ५ लाख ४ हजार, तुमचं ३ लाख ३६ हजार. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागतच नाही. तुम्ही दोघंही आज एक रुपया कर भरत नाही आहात, किंवा भरायला नको. मग सूट कशातून मिळणार? सूट ही करातून मिळते, खिशात कुणी आणून टाकत नाही. उद्या पगार बारा लाखांच्या वर गेले तर हा विषय पुन्हा काढू. आज घर निवडताना तो आकडा कागदावरून खोडून टाका. एजंटच्या तक्त्यात ८०ईईए नावाची आणखी एक दीड लाखांची ओळ असेल तर तीही खोडा. ती ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती.

धायरीच्या फ्लॅटबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही, आणि ती दीड-दोन लाखांची आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरावर १ टक्का आणि बाकीच्यांवर ५ टक्के. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ठरलेल्या मर्यादेत. पुणे त्या नियमातल्या महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे इथे ९० चौरस मीटरपर्यंत चालतं. मुंबईच्या महानगर प्रदेशात मर्यादा ६० ची आहे. तुमचा फ्लॅट क्षेत्रात आरामात बसेल. पण ४५ लाख मोजताना फक्त फ्लॅटची किंमत धरत नाहीत. बिल्डर पार्किंगचे, मजल्याचे, दर्शनी बाजूचे, डेव्हलपमेंटचे म्हणून जे वेगळे लावतो ते सगळं त्यात मिळवतात. ४४ लाख अधिक दीड लाख म्हणजे साडेपंचेचाळीस, आणि त्या वरच्या पन्नास हजारांनी तुम्ही एक टक्क्यातून पाच टक्क्यांत गेलात. १ टक्क्याने ४५ लाखांवर ४५,००० झाले असते. ५ टक्क्यांनी साडेपंचेचाळीसवर २ लाख २७ हजार ५०० होतात.

तेव्हा ते पार्किंग नक्की कसलं आहे ते विचारा. उघड्या जागेवर पट्टे मारून नंबर टाकलेली पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. ती सोसायटीची असते. मंजूर नकाशात दाखवलेलं, छप्पर असलेलं पार्किंग असेल तर पैसे घेता येतात, पण मग 'सगळं मिळून पंचेचाळीसच्या आत बसवा' असं स्पष्ट म्हणा. अशी घासाघीस करायला लाजू नका. बिल्डरच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला ही मर्यादा तोंडपाठ असते.

पण एवढं करूनही धायरीचं घर तुमच्या आवाक्यात येतं का? इथे मी जरा थांबणार आहे, कारण बावीस वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात फायली तपासताना माणसं नेमकी इथेच अडकलेली मी पाहिली आहेत. कर्ज मिळतं. हातातले पैसे कमी पडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त देता येत नाही, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्यूटी नि नोंदणी फी धरत नाहीत. साडेपंचेचाळीस लाखांच्या घरावर कर्ज जास्तीत जास्त ३६ लाख ४० हजार. तुमचे ९ लाख १० हजार. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्टॅम्प ड्यूटी ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १, म्हणजे एकूण ७ टक्के. ते झाले ३ लाख १८ हजार ५००. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर जात नाही, म्हणून ३०,०००. जीएसटीचे २ लाख २७ हजार ५००. बेरीज १४ लाख ८६ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं डिपॉझिट, वकील, पंखे, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या, यातलं काहीच मी अजून धरलेलं नाही. तुमच्याकडे आहेत साडेदहा.

आणि हे सगळं दोन वर्षं आधी. ८.५ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर पूर्ण कर्ज उचलल्यावर हप्ता ३१,५०० च्या वर जातो. बांधकाम चालू असताना पूर्ण हप्ता नसेल, पण उचललेल्या रकमेवरचं व्याज चालू होतं, आणि सोबत १४,००० भाडं आहेच. ताबा सहा महिने लांबला तर ते सहा महिनेही तुमच्याच पगारातून जाणार. महिन्याला सत्तर हजार येणाऱ्या घरात, मुलीची शाळा चालू असताना, मी याला हो म्हणणार नाही. मिस्टरांना नवीन घर का हवंसं वाटतं हे मला समजतं. लिफ्ट, कोरी फरशी, आपल्या आधी कुणी न राहिलेली जागा. ते हवंसं वाटण्यात काही चूक नाही. फक्त या वर्षी ते नाही.

म्हणून आंबेगावचं घर नीट बघू. तिथे जीएसटी नाही, कारण इमारत पूर्ण झालेली आहे. ताबा लगेच, म्हणजे भाडं बंद. आणि हेच घर सबसिडीच्या जवळपास येतं. योजनेत रीसेलचं घरही चालतं. अडचण आहे ती साडेछत्तीस लाखांची.

त्यावर एजंटने सुचवलेला उपाय, साडेचौतीसचा करारनामा आणि दोन लाख रोख, अजिबात करू नका. घर विकताना २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मालकाला एवढं सांगितलं तरी बऱ्याचदा तो स्वतःच मागे सरकतो. तुमच्या बाजूनेही नुकसान आहे. दिलेल्या दोन लाखांची पावती नाही. व्यवहार मोडला तर ते कुणाकडे मागायचे? पुढे घर विकाल तेव्हा तुमची खरेदी कागदावर दोन लाखांनी कमी दिसणार आणि नफा दोन लाखांनी जास्त, म्हणजे कर जास्त. शिवाय सबसिडी मागताना तुम्ही स्वतःच्या सहीने सगळं खरं असल्याचं लिहून देणार. एक लाख ऐंशी हजारांसाठी खोट्या किमतीवर सही, ही गोष्ट नऊ वर्षं नेमाने भाडं भरणाऱ्या बाईने करू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी सरळ भाव करा. पस्तीस लाख, सगळे चेकने, कर्ज आधीच मंजूर करून घेतलेलं, आणि महिन्याभरात नोंदणी. तेरा-चौदा वर्षं जुन्या इमारतीतल्या मालकाला असं खात्रीचं गिऱ्हाईक रोज मिळत नसतं. तो पस्तीसवर आला तर दोन रस्ते निघतात. पहिला सबसिडीसह: कर्ज बरोबर २५ लाख, तुमचे १० लाख, स्टॅम्प ड्यूटी ७ टक्क्यांनी २ लाख ४५ हजार, नोंदणी ३०,०००. एकूण १२ लाख ७५ हजार, आणि दलाली, बँकेची फी, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क यांना साधारण एक लाख धरा. (हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत २५,००० च्या वर घेता येत नाही. देणगी म्हणून जास्त मागतील, तेव्हा हा आकडा लक्षात असू द्या.) हप्ता २१,७०० च्या आसपास. दुसरा रस्ता सबसिडीशिवाय: कर्ज ८० टक्के, म्हणजे २८ लाख. खिशातून खर्चासकट पावणेअकरा लाख, हप्ता सुमारे २४,३००.

गंमत बघा, सबसिडी घ्यायला तुम्हाला आज तीन लाख जास्त उभे करावे लागतात, कारण कर्जाला २५ लाखांची मर्यादा आहे. हे एजंट सांगत नाहीत. मी तुमच्या जागी असते तर मिस्टरांच्या आणि तुमच्या पीएफची पासबुकं आज रात्रीच काढून पाहिली असती. पहिल्या घरासाठी पीएफमधून पैसे काढता येतात आणि ते परत भरावे लागत नाहीत. तिथून तीन-सव्वातीन लाख निघत असतील तर पहिला रस्ता धरा. कर्ज कमी, हप्ता कमी, आणि वर पाच वर्षं छत्तीस-छत्तीस हजार कर्जखात्यात. निघत नसतील तर सोनं मोडून किंवा पतपेढीचं महाग कर्ज काढून सबसिडीच्या मागे धावू नका. दुसरा रस्ता धरा. कुठल्याही रस्त्यात तीन महिन्यांच्या हप्त्याएवढे पैसे बाजूला राहायला हवेत. ते राहत नसतील तर सहा महिने थांबा. तुमची आरडी चालूच आहे.

सबसिडीचा अर्ज करण्याआधी एक कागद तपासायचा आहे, आणि तो गावी आहे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. या तिघांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. सासऱ्यांचं गावचं घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर अडचण नाही. पण आजेसासरे गेल्यावर वारसनोंद झाली असेल आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर वडिलांच्या खाली मुलांचीही नावं लागली असतील, तर मिस्टर कागदावर घरमालक होतात. घरात हे अनेकदा कुणाच्या लक्षातही नसतं. सासऱ्यांना सांगून त्या उताऱ्याची प्रत मागवून घ्या आणि नावं वाचा. शिवाय गेल्या वीस वर्षांत तुमच्या कुटुंबाने सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करता येतो. फक्त तुमची बँक या योजनेत आहे ना, ते कर्जाचा अर्ज देण्याआधी विचारा, नंतर नको. आणि हप्ता थकवू नका. अनुदान वर्षावर्षाने येतं आणि ते येताना कर्ज चालू असावं लागतं, निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं.

आता नावाचा प्रश्न. तुम्ही तो शेवटच्या ओळीत लिहिलात, पण मला तो पत्रातला सगळ्यात जड वाटला.

स्टॅम्प ड्यूटीतली एक टक्क्याची सवलत खरी आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावावर घेतलं की ती मिळते. पूर्वी अशी अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती २०२३ मध्ये काढली. पण सवलतीसाठी खरेदीदार फक्त बाई किंवा बायकाच हव्यात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात पाहिलेलं एक जोडपं मी विसरलेले नाही. तिने लाल फाइल छातीशी धरलेली, चलन सहा टक्क्यांनी भरून आणलेलं. नंबर लागला, आत गेले, आणि टेबलावरच्या माणसाने दस्ताचं पहिलं पान उलटून 'लिहून घेणार', म्हणजे खरेदीदार, याखाली बोट ठेवलं. तिथे दोन नावं होती. 'सात टक्के लागतील.' अडतीस लाखांचं घर, म्हणजे अडतीस हजार कमी. नवरा जिन्यात उभा राहून एकेकाला फोन करत होता आणि ती बाकावर बसून फाइलचा दोरा बोटाला गुंडाळत, सोडत होती. त्या दिवशी नोंदणी झाली नाही. त्यांचा दस्त तयार करणाऱ्याने हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर तो दिवस असा गेला नसता.

तुमच्या घरात पस्तीस लाखांवर एक टक्का म्हणजे ३५,०००. योजनेच्या दृष्टीने दोघांचं संयुक्त नाव चालतं, घरात बाईचं नाव असावं एवढीच अपेक्षा असते. तेव्हा प्रश्न फक्त या पस्तीस हजारांचा. माझं मत विचाराल तर दोघांची नावं लावा, आणि तुमचं पहिलं. वीस वर्षांच्या कर्जावर दोघांच्या सह्या असणार. ज्याची सही कर्जावर, त्याचं नाव घरावर, हे मला न्यायाचं वाटतं. पुढे पगार वाढून जुन्या करपद्धतीत जायची वेळ आली तरी वजावट फक्त मालकाला मिळते, नुसत्या सहकर्जदाराला नाही. आणि सासऱ्यांचे दोन लाख त्यात आहेत. पस्तीस हजार वाचवताना सासूबाईंच्या मनात वीस वर्षांची अढी बसू नये. तुमचं नाव पहिलं म्हणते ते मात्र ठाम धरा. नऊ वर्षं तुम्हीही पगार आणून देता आहात. सासूबाई 'मुलाचंच एकट्याचं लावा' म्हणाल्या तर तिथे मान डोलावू नका. योजनेच्या कागदातही तुमचं नाव लागणार आहे, हे त्यांना शांतपणे दाखवा. आणि मिस्टर स्वतःहून 'फक्त तुझंच लाव' म्हणत असतील, घरात कुणाचं मन दुखत नसेल, तर सवलत जरूर घ्या. मग दस्ताच्या पहिल्या पानावर एकच नाव आहे ना, ते चलन भरण्याआधी वाचा.

आंबेगावच्या इमारतीचे कागद मात्र कडक तपासा. आंबेगाव बुद्रुक आणि धायरी ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. तुमची इमारत २०१३ ची, म्हणजे बांधकाम परवानगी महापालिकेची असू शकत नाही. मग कुणाची आहे? ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याला मंजूर नकाशा समजू नका. मालकाकडे मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा, त्यांचा स्वतःचा नोंदणीकृत करारनामा आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा) मागा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र मागा. त्यांच्या घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतील, ते कधी सुटणार तेही लिहून घ्या. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमिनीची मालकी, सोसायटीच्या नावे झालंय का, हे सेक्रेटरीला विचारा. बँकेचा वकील हे बघतोच, पण त्याने 'नाही' म्हणण्याआधी तुमचे टोकनचे पैसे गेलेले नसावेत. टोकन द्यालच तर पावतीवर लिहून घ्या की कागदांत दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर रक्कम परत. (नवीन स्कीमचा विचार पुढे कधी केलात तर लक्षात ठेवा, करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, आणि स्कीमचा महारेरा क्रमांक वेबसाइटवर टाकून ताब्याची तारीख आपणच पाहायची.)

आंबेगावचं जमलं नाही तर म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत बघा. मोठ्या खासगी प्रकल्पांतली वीस टक्के घरं त्यातून निघतात आणि शहरातच चांगल्या ठिकाणी मिळतात. अधिवास प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्रं आत्तापासून तयार ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत पळापळ करून हाती लागत नाहीत. कर लागत नसला तरी विवरणपत्र दोघांचंही भरत जा, बँकेलाही तेच लागतं.

घर झाल्यावरची एक छोटी गोष्ट, कारण ती हमखास राहून जाते. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, पण ती आपोआप लागत नाही. आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलेलं असेल तर त्याच्या बिलात ती नसेलही. नाव बदलून झालं की पीटी-३ अर्ज भरून द्या.

या आठवड्यात पीएफची पासबुकं, गावचा नमुना ८ आणि इमारतीचा मंजूर नकाशा, एवढे तीन कागद हातात येऊ देत. मग मालकाला पस्तीसचा आकडा सांगा. ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा. छत्तीसच्या खाली यायला तयार नसतील, तर नव्या आकड्यांनी हिशेब पुन्हा मांडून देईन.